झोपलंय, मेलं नाही!

"ताई, ओल्यात टाकू का सुक्यात?"

सकाळचे साडेसात. मी दारात, हातात सहा इंची कुंडी. समोर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पण त्या दिवशी मला उत्तरच सुचेना. कुंडीत होती नुसती माती आणि वर चार वाळक्या, तपकिरी काड्या. झाड म्हणावं तर ओला कचरा. कुंडी प्लॅस्टिकची, म्हणजे सुका. आणि एकूण प्रकरण म्हणाल, तर... जाऊ दे.

मावशी माझ्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. कुंडी घेतली, दोन बोटं मातीत खुपसली आणि काहीतरी चाचपून बाहेर काढलं. करंगळीच्या पेराएवढं, गुलाबीसर, खवल्याखवल्यांचं. "अवो ताई, खाली कांदे हायेत की! जित्ते हायेत. टाकताय कशाला?"

मे महिना होता. मी कुंडी घेऊन घरात आले आणि ती मांडीवर ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण ते झाड माझं नव्हतंच.

याची शिफ्ट संपली!

झाड माझ्या रूममेटचं. तिला आपण नुसतं 'रूमी' म्हणू, कारण तिचं नाव छापलं तर ती मला सोडणार नाही. जानेवारीच्या अखेरीला आम्ही दोघी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. मी फोटो काढायला, ती मला कंपनी द्यायला. परत येताना माझ्या हातात दोन कणसं होती आणि तिच्या हातात ही कुंडी. नाव विचारलं तर विकणारा म्हणाला, "ऑक्झॅलिस." किंमत २२० रुपये.

तुम्ही हे झाड पाहिलं असेल. हल्ली कॅफेच्या टेबलांवर आणि इन्स्टाग्रामवर ते फार दिसतं. एकेका नाजूक देठावर तीन-तीन त्रिकोणी पानं, रंग पिकलेल्या जांभळाच्या सालीचा, मध्यभागी फिकट गुलाबी छटा. लांबून बघितलं तर कुंडीवर जांभळी फुलपाखरं बसली आहेत असंच वाटतं. मधूनच फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची फुलं. पण खरी गंमत संध्याकाळी. उजेड कमी झाला की तिन्ही पानं हळूहळू खाली झुकतात आणि मिटलेल्या छत्रीसारखी देठाला चिकटतात. सकाळी पुन्हा उघडतात. रोज!

रूमीची शिफ्ट संध्याकाळी सातची, अमेरिकेच्या वेळेनुसार. साडेसहाला खाली कॅब हॉर्न द्यायची आणि नेमकं तेव्हाच हॉलच्या खिडकीतलं झाड मिटायला लागलेलं असायचं. "बघ, याची शिफ्ट संपली," असं म्हणत ती चप्पल घालायची. पहाटे पाचला परत यायची आणि झाड उघडायच्या सुमाराला पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करायची.

प्रयत्न म्हणतेय, कारण फेब्रुवारीपासून तिला झोप येईना. मी दुपारी हॉलमध्ये आले, की ती सोफ्यावर डोळे उघडे ठेवून बसलेली. एक दिवस म्हणाली, "मला तीन दिवस झोप नाहीये गं." माझी त्या दिवशी डेडलाइन होती. लॅपटॉपवरची मान वर न करता मी म्हटलं, "अगं, स्ट्रेस सगळ्यांनाच असतो. चहा कमी कर."

बस्स. एवढंच म्हटलं मी.

पंधरा दिवसांनी मिरजेहून तिचे बाबा गाडी घेऊन आले. सामान भरलं गेलं. राजीनामा तिने आधीच दिला होता आणि मला ते माहीतही नव्हतं. निघताना म्हणाली, "झाड राहू दे तुझ्याकडे. बघ जरा त्याच्याकडे." मी मान डोलावली. 'पोचलीस की फोन कर,' 'मी करते गं,' वगैरे झालं. तिने केला नाही. मीही केला नाही. आधी कामात होते म्हणून, आणि नंतर इतके दिवस केला नाही म्हणून. हा दुसरा प्रकार किती अवघड असतो, ते तुम्हाला माहीत असेलच.

माझे भन्नाट उपचार

एप्रिलमध्ये पारा चढला आणि झाडाची पानं पिवळी पडायला लागली. मग मी जे काही केलं, ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

एक, पाणी दुप्पट केलं. पान सुकतंय म्हणजे तहान लागली असणार, सिंपल! दोन, खत घातलं, तेही मूठभर. तीन, 'ऊन कमी पडतंय' असं ठरवून कुंडी गॅलरीत नेऊन ठेवली. पुण्याच्या एप्रिलच्या दुपारी! चार दिवसांत उरलीसुरली पानंही आडवी झाली. मी आणखी पाणी घातलं.

त्या सकाळी मावशी गेल्यावर मी वाचायला बसले. (आमच्या धंद्यात अपराधी वाटलं की माणूस रिसर्च करतो.) आणि कळलं, की झाड मुळात आजारी नव्हतंच. ते थकून झोपायला निघालं होतं आणि मी त्याला गदागदा हलवत होते.

हे ऑक्झॅलिस मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील आणि आसपासच्या देशांतलं. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस ट्रँग्युलॅरिस. हे नाव दिलं ऑग्युस्त द सेंट-इलेअर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८१६ ते १८२२ तो ब्राझीलमध्ये हिंडत होता. या झाडाचा संसार जमिनीखाली असतो. मावशींच्या हाताला लागले ते त्याचे कंद. वर फार तापलं, कोरडं झालं, किंवा नुसतं बराच काळ फुलून दमणूक झाली, की झाड पानं सोडून देतं आणि सगळा जीव कंदात घेऊन गप्प पडून राहतं. काही आठवडे. या काळात त्याला काहीही नको असतं. पाणी तर अजिबात नको. पानं नसलेलं झाड पाणी पिणार कुठून? माती ओलीच राहते आणि कंद सडतात.

मी कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. सात कंद निघाले. तीन मऊ, काळे, बोटाने दाबले की पाणी सुटणारे. ते माझं कर्तृत्व. चार टणक होते.

रोजची झोप, मोसमाची झोप

म्हणजे या झाडाच्या झोपा दोन. एक मोसमाची, जी मला माहीत नव्हती. दुसरी रोज रात्रीची. तिच्यावर तर चार्ल्स डार्विनही लुब्ध होता! त्याने मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने वनस्पतींच्या हालचालींवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, १८८० साली. त्यात ऑक्झॅलिसच्या कितीतरी जाती येतात. ही पानं रात्री का मिटतात, हे बघायला त्याने काही पानं टाचण्या लावून उघडीच ठेवली आणि कुंड्या थंड रात्री बाहेर ठेवल्या. सकाळी बघितलं, तर ज्यांना मिटू दिलं नव्हतं, त्या पानांना थंडीचा जास्त फटका बसलेला.

टाचण्या लावून जागी ठेवलेली पानं. मला रूमीची कॅब आठवली.

मिटण्यामागचं यंत्र साधं आहे. जिथे तीन पानं देठाला मिळतात, तिथे बारीकसा फुगीर सांधा असतो. त्याच्या पेशींत पाणी भरलं की पान उचललं जातं, पाणी एका बाजूने उतरलं की झुकतं. उजेड आणि झाडाचं आतलं घड्याळ मिळून हे ठरवतात. कडक उन्हातसुद्धा पानं अशीच मिटतात. तेव्हा भर दुपारी झाड झोपलेलं दिसलं तर कौतुक करू नका, कुंडी सावलीत घ्या.

त्या रात्री मी चार कंदांचा फोटो काढला आणि रूमीला पाठवला. दोन महिन्यांतला पहिला मेसेज. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, 'तुझ्या झाडाचे हे उरलेत. माझ्यामुळे.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'पाणी घालू नकोस. कोरड्या मातीत ठेव. येईल.'

मग आणखी एक. 'मी पण अजून झोपतेच आहे. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. औषधं चालू आहेत.'

तुम्ही आणणार असाल, तर...

आता तुमच्यासाठी. ऑक्झॅलिस आणायला सगळ्यात चांगला काळ पावसाळा संपताना किंवा थंडीत. खिडकी पूर्वेची असेल तर उत्तम. सकाळचं कोवळं ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड एवढं त्याला पुरतं. दुपारचं ऊन पानं भाजून काढतं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात देठ लांबून लोळायला लागतात. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी फिरवा.

माती भुसभुशीत हवी. साधी माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं घ्या, त्यात थोडी जाड वाळू घाला. कुंडीला खाली भोक आहे ना, ते आधी बघा. सुंदर सिरॅमिकच्या बिनभोकाच्या कुंड्या म्हणजे कंदांची दफनभूमी. कंद इंचभर खोल, आडवे ठेवले तरी चालतात. सहा इंची कुंडीत पाच-सहा पुरे. पाणी घालायच्या आधी बोट मातीत घालून बघा. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच घाला. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ खत पुरेसं आहे. मूठभर नको! माझा अनुभव वर वाचलातच.

पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून टाका, पानांवर पाणी मारू नका, कुंडीभोवती हवा खेळू द्या. उन्हाळ्यात बारीक जाळं आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. पानं पाण्याने धुवा आणि कडुनिंबाच्या तेलाचा हलका फवारा द्या.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं. मुळात त्या आम्लाला नाव मिळालं तेच या झाडाच्या कुळावरून. प्राण्यांनी जास्त खाल्लं तर त्रास होतो.

आणि पानं झपाट्याने पिवळी पडून आडवी व्हायला लागली, तर हात मागे घ्या. पाणी बंद. वाळलेली पानं कापा आणि कुंडी सावलीत, कोरड्या जागी ठेवून द्या. महिना-दीड महिना तिकडे बघूसुद्धा नका. हे सगळ्यात अवघड काम आहे, आधीच सांगते. मी त्या पाच आठवड्यांत किमान वीस वेळा माती उकरून बघितली.

मिरजेची कुंडी

जूनमध्ये पाऊस आला. मी कुंडीत पहिलं पाणी घातलं, अगदी बेताचं. महिना संपता संपता मातीतून एक आकडा वर आला, मान खाली घातलेला, जांभळा. दोन दिवसांनी त्याने तीन पानं उघडली. ऑगस्टपर्यंत कुंडी भरली. मग मी अर्धे कंद अलगद सोडवून दुसऱ्या कुंडीत लावले, आठवडाभर सावलीत ठेवले, आणि एका शनिवारी ती कुंडी मांडीवर घेऊन कोयना एक्सप्रेसमध्ये बसले.

मिरजेला काकूंनी दार उघडलं. कुंडीकडे बघितलं, एक पान तोडून चक्क चावलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आंबुशी! पैसे देऊन आणलीत?"

काकू अगदी बरोबर होत्या. कुंड्यांमध्ये आगंतुक उगवणारी, बारीक पिवळ्या फुलांची, तीन पानांची आंबुशी ही याच ऑक्झॅलिस कुळातली. ऑक्झॅलिस या नावामागचा ग्रीक शब्दही 'आंबट' याच अर्थाचा. काकूंच्या माहेरी आंबुशीची भाजी करायचे, वरणातही घालायचे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्याने मात्र ती खाऊ नये, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही २२० रुपये मोजले, ती खरं तर परसातल्या तणाची परदेशी बहीण!

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीत बसलो. रूमी थोडी जाड झाली होती, डोळ्यांखालची वर्तुळं कमी झाली होती. नोकरीचं अजून काही ठरलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. अंधार पडायला लागला, तशी कुंडीतली पानं एकेक करून झुकली.

"सॉरी गं," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"तेव्हा म्हणाले होते ना, चहा कमी कर."

ती हसली. "चहा मी खरंच कमी केलाय." मग जांभई दिली, चांगली लांबलचक, आणि उठली. "चल, मी झोपते."

घड्याळात साडेनऊ वाजले होते.