भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संघटना : कोणाची आणि कशासाठी?

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना असावी, हा विचार स्वागतार्हच आहे. हंगेरीतील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९८७ साली या विषयाच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तर १९५१ सालीच कोपनहेगन येथे आपला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. प्रश्न आहे तो, आपल्याकडे निघणारी संघटना कोणाची होणार, हा.

कारण भौतिकशास्त्राचा भारतीय विद्यार्थी हा एकजिनसी प्राणी नव्हे. एक बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंवा २००६ साली पुणे व कोलकाता येथे निघालेल्या ‘आयसर’मध्ये शिकतो. दुसरा तालुक्याच्या गावी बी. एस्सी. करतो. तेथे एका स्पेक्ट्रोमीटरभोवती आठ-दहा जण उभे असतात. रीडिंग एक जण घेतो, बाकीचे वहीत उतरवून घेतात. पहिल्याला संघटना हवी ती परिषदांसाठी आणि परदेशच्या ओळखींसाठी. दुसऱ्याला अशी काही संघटना निघते आहे, याची वार्ताही नसते. संख्येने मात्र तोच कितीतरी अधिक आहे.

अधिछात्रवृत्तीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कनिष्ठ संशोधकाची मासिक वृत्ती २०१४ साली २५,००० रुपये झाली, २०१९ साली ३१,००० आणि २०२३ साली ३७,०००. यातील पहिल्या दोन वाढींसाठी संशोधकांना रस्त्यावर यावे लागले. प्राध्यापकाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. त्याच प्रयोगशाळेत रात्री जागवणाऱ्या संशोधकाची वृत्ती मात्र २०१९ ते २०२३ अशी चार वर्षे होती तेथेच राहिली. किमती थांबल्या नव्हत्या. वृत्ती महागाई निर्देशांकाला जोडा, ही मागणी सातत्याने लावून धरायची तर आंदोलनापुरत्या कृतिसमित्या पुरणार नाहीत. तेथे कायम कचेरी, आकडेवारी आणि सभासद हवेत.

२०१५ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘नेट’ नसलेल्या संशोधकांची वृत्ती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थी ठाण मांडून बसले. पीएच. डी.साठी ती दरमहा अवघी ८,००० रुपये होती आणि तीही केंद्रीय विद्यापीठांपुरतीच. राज्य विद्यापीठांतील संशोधकांना ती मिळावी, ही मागणी तेव्हाच पुढे आली होती. आज निघू पाहणाऱ्या संघटनेच्या घटनेत या विद्यार्थ्याला जागा आहे काय? विज्ञान सर्वांचे असते, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही.

दुसरी बाब पैशाची. प्रायोजक मिळवणे सोपे आहे. (परिषदांच्या पिशव्या आणि प्रमाणपत्रे यांची आपल्याकडे उणीव नाहीच.) परंतु संस्थेच्या संचालकाच्या कृपेवर वा एखाद्या कंपनीच्या देणगीवर चालणारी संघटना त्याच संचालकाकडे वसतिगृहाची किंवा थकलेल्या वृत्तीची तक्रार कोणत्या तोंडाने नेणार? वर्षाला वीस-पंचवीस रुपये वर्गणी ठेवावी. ती गोळा करण्यासाठी का होईना, पदाधिकाऱ्यांना महाविद्यालयोमहाविद्यालयी हिंडावे लागेल, आणि तेथे इंग्रजीवाचून बोलावेही लागेल.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून शिकवतात. पहिले अधिवेशन दिल्ली-मुंबईस न भरवता अशा एखाद्या महाविद्यालयात, दिवाळीच्या सुटीत, रिकाम्या वसतिगृहात भरवावे, असा आग्रह त्यांनी आतापासूनच धरावा.