मुलाम्याखालचे निकेल

सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपात तिने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. तरीही आजोबांनी पेढीच्या कमाईतून घेतलेली अशी एखादी गाडी वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, अशी घरे आजही थोडी नाहीत. नातवंडांना ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. इंजिनाला मेस्त्री सापडतो, रंगाला रंगारी मिळतो. हौस अडते ती चकाकीपाशी. समोरची जाळी, बंपर, चाकावरच्या टोप्या, दाराच्या मुठी आणि अंगावरच्या बारीक पट्ट्या यांचे काय करावे, हे ठरवताना पुष्कळ पैसा आणि कधी कधी मूळ वस्तूही हातची जाते.

ज्याला सर्वजण ‘क्रोम’ म्हणतात त्यात क्रोमियम नावापुरतेच असते. शोभेच्या मुलाम्यात त्याचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन एवढाच भरतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांत भरणारी चमक खालच्या निकेलची असते. नुसते निकेल हवेत पिवळसर पडते आणि सतत घासावे लागते. क्रोमियमचा पातळ पापुद्रा ते झाकतो व त्याला किंचित निळसर झाक देतो. १९२० च्या दशकात हे विलेपन कारखान्यांच्या आवाक्यात आले आणि मोटारींच्या नाकावरचे निकेल मागे पडले. मात्र या पापुद्र्यात सूक्ष्म भेगा व छिद्रे असतात. त्यांतून ओल आणि खारी हवा आत शिरते, निकेल पातळ असले की पोलादापर्यंत पोहोचते आणि गंजाचे तांबूस ठिपके वर येतात. उघड्यावर राहणाऱ्या पोलादी भागावर निकेल तीस मायक्रॉनच्या आसपास हवे. गिऱ्हाईक मात्र भाव विचारतो तो क्रोमचा. व्यवहार जाणणाऱ्याने निकेल किती मायक्रॉन बसणार आणि त्याखाली तांबे असणार की नाही हे आधी विचारावे, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

त्याआधी धातूची ओळख पटली पाहिजे, कारण चमकणारी प्रत्येक पट्टी मुलाम्याची नसते. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला मुलामा लागतच नाही. पोचे आतून हलक्या हाताने ठोकून काढले आणि पॉलिश केले की ती नव्यासारखी होते. ॲल्युमिनिअमची पट्टी वजनाने हलकी असते आणि कॉस्टिक सोड्यात टाकली तर विरघळू लागते. लोहचुंबक फिरवून पाहण्याची रीत चांगली, पण तिच्यावरच विसंबू नये. मोटारीच्या पट्ट्यांना वापरले जाणारे काही स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते. तेवढ्यावरून ते लोखंड समजून टाकीत बुडवले तर खर्च फुकट जातो.

खरी कसोटी लागते ती जस्ताच्या ओतीव भागांची. मुठी, नावाची अक्षरे, बोधचिन्हे अशा वस्तू पुष्कळदा याच मिश्रधातूच्या असतात आणि बाजारात त्यांना ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. मुलाम्याखाली जस्त खाल्ले गेले की पृष्ठभागावर बारीक फोड येतात. जुना थर काढण्यासाठी असा तुकडा आम्लात फार वेळ राहिला तर थराबरोबर तुकडाही झिजतो. जाणता कारागीर प्रत्येक खड्डा टोकदार हत्याराने कोरून स्वच्छ करतो, प्रथम अल्कधर्मी कुंडात तांब्याचा थर चढवतो, खड्डे तांब्याने किंवा कमी तापमानाच्या डाखाने भरतो, घासतो आणि पुन्हा तांबे चढवतो. हे दिवसांचे काम आहे. घाई करणारा कारागीर फोड नाहीसे होईपर्यंत सरळ घाशीत जातो. फोड जातात आणि अक्षरांच्या धारही जातात. अशी बोथट झालेली अक्षरे कितीही चकाकली तरी परत मूळची होत नाहीत. जिथे मुलामा शाबूत असून केवळ म्लान झाला आहे, तिथे तो तसाच राखणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ नवी कशाला करावी, असाही एक विचार आहेच.

जाळीची अडचण निराळी. क्रोमियमच्या कुंडातील प्रवाह उंचवट्यांकडे धावतो आणि खोलगट कोपऱ्यांत पोहोचत नाही. त्यामुळे जाळीच्या दांड्यांच्या आतल्या बाजूला नुसते निकेल उरते व काही महिन्यांत पिवळी रेघ दिसू लागते. त्यासाठी कोपऱ्यांजवळ जादा धनाग्र टांगावे लागतात. काम परत घेताना जाळी उन्हात तिरपी धरून पाहावी.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती अनेक घरांत विचारली जाईल. घासण्याच्या चाकांवर कुरुंदाची भुकटी बसवण्यासाठी परंपरेने जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरतात आणि बफिंगच्या वड्यांतही चरबीचा अंश असू शकतो. सोडिअम सिलिकेटवर आधारित चिकटा आणि वनस्पतिजन्य स्निग्धांशाच्या वड्या हे त्यांचे पर्याय आहेत. काम देतानाच ते मागावेत.

आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काय? क्रोमिक आम्लाच्या कुंडात विजेचा फार थोडा भाग क्रोमियम बसवण्यात खर्च होतो. उरलेला बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे उठवतो. ते फुटले की आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. षट्संयुजी क्रोमियमच्या या तुषारांनी नाकाचा पडदा झिजून त्याला भोक पडते, हे या धंद्यातील जुने दुखणे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली ही संयुगे मानवी कर्करोगास कारणीभूत म्हणून नोंदवली आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्लाचा असा वापर खास परवानगीवाचून करता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियमचे कुंड त्या मानाने बरेच सौम्य असते. त्याची छटा किंचित गडद येते एवढेच. टाकीवर हवा ओढून घेणारी नळी आहे का आणि धुण्याचे पिवळे पाणी गटारात जाते की मेटाबायसल्फाइट व चुन्याची प्रक्रिया होऊन गाळ वेगळा काढला जातो, हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहावे. स्वस्त दराचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

घरच्या निगेत सर्वांत मोठा घात करते ते न्हाणीघराच्या फरशीचे ॲसिड. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल गंज काढते खरे, पण क्रोमियमही विरघळवते. गंजाचे हलके ठिपके पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनिअमच्या वर्खाने हळुवार चोळले तरी निघतात. त्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मेणाचा हात द्यावा. बंपरच्या आतल्या बाजूला मुलामा जेमतेमच बसतो आणि गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. म्हणून गाडीवर बसवण्याआधी त्या बाजूला गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत आणि बोल्टखालचे रबरी वायसर नवे घालावेत.