चारही भाषांचे विद्यार्थी एका वर्गात बसू द्या

प्रति,
माननीय कुलगुरू आणि मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड.



२०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालेली गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ मूळ हिंदीत, २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्या लिपीत ती छापली आहे, ती लिपी सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या आमच्या मुलामुलींना पहिलीपासून येते. तरी ‘समकालीन दक्षिण आशियाई कादंबरी’ म्हटलं की ती इंग्रजीच्या पेपरातली गोष्ट, असंच सगळे धरून चालतात. मग ही कादंबरी वर्गात आलीच, तर डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादातून येते. इंग्रजीचं दडपण घेऊन बसलेली पोरं मूळ पुस्तकाऐवजी गाइड विकत घेतात.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात साहित्य शिकवते. माझी मागणी एकच आहे. समकालीन दक्षिण आशियाई कथा-कादंबरीची एक अभ्यासपत्रिका चारही मंडळांनी एकत्र बसून तयार करावी आणि मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा चारही विषयांच्या विद्यार्थ्यांना ती एकाच वर्गात शिकता यावी.

आज वाटणी अशी होते : आसाराम लोमटे मराठीकडे, गीतांजली श्री हिंदीकडे, खालिद जावेद उर्दूकडे. बानू मुश्ताक कन्नडमध्ये लिहितात. कन्नड विभाग आमच्याकडे नाही, म्हणून इंग्रजी अनुवादाच्या आधाराने त्या इंग्रजीकडे. या सगळ्यांनी एकाच काळात, एकमेकांना लागून असलेल्या मुलखांबद्दल लिहिलं. त्यांची पुस्तकं मात्र एका टेबलावर कधी येत नाहीत.

ती आली तर काय होईल, हे थोडं विस्ताराने सांगते. लोमटे सेलू तालुक्यातले, पत्रकार म्हणून परभणीत काम करणारे लेखक. ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातली सत्ता कोणाच्या हातात असते, ती माणसाला किती सावकाश आणि किती निगुतीने दाबत नेते, हे त्यांच्या दीर्घकथांत दिसतं. आमच्या विद्यार्थ्यांना त्या कथांतल्या बोलीची अडचण येत नाही. अडचण उलटीच असते : सगळं ओळखीचं, म्हणून त्यात अभ्यासण्यासारखं काय, असं त्यांना वाटतं. अशा वेळी शेजारी पेरुमाळ मुरुगन यांची ‘पूनाची’ ठेवावी. ही एका काळ्या शेळीची तमिळ कादंबरी. कोरडवाहू मुलूख, दुष्काळ, एक म्हातारं जोडपं. तिथल्या राजवटीत प्रत्येक शेळीचा कान टोचून तिची सरकारी नोंद करावी लागते. त्यासाठी माणसं रांगेत तिष्ठतात आणि रांगेतही जपून बोलतात. आपल्याकडे गावोगाव जनावरांच्या कानात बिल्ले मारले गेले आहेत, त्यामुळे हे दृश्य परभणीच्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही. नोंदीमागची भीती आणि सत्तेसमोर खाली येणारा आवाज, यांवर तो स्वतःहून बोलू लागेल. तिथून तो परत लोमट्यांकडे वळला की ओळखीचं गाव त्याला लेखकाने रचलेलं, निवडलेलं, विचारपूर्वक मांडलेलं दिसेल. साहित्याच्या शिक्षणाकडून मला नेमकं हेच हवं आहे, आणि ते एका भाषेच्या चौकटीत होताना मला फारसं दिसलेलं नाही.

याच मुरुगन यांनी ‘मादोरुबागन’ या आपल्या कादंबरीवरून उठलेल्या वादानंतर जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहिते झाले. आमच्या मुलांना हेही कळायला हवं.

बांगलादेशचे अख्तरुज्जमान इलियास यांची ‘ख्वाबनामा’ तेभागा चळवळीच्या आणि फाळणीच्या काळातल्या बटाईदारांची गोष्ट सांगते. बटाई हा शब्द आमच्या कोणत्या घरात माहीत नाही? श्रीलंकेचे शेहान करुणातिलक यांनी मेलेल्या छायाचित्रकाराच्या नजरेतून यादवी युद्धातलं १९९०चं कोलंबो सांगितलं. ते पुस्तक मुळात इंग्रजीतलं, तिथे इंग्रजीचा विद्यार्थी पुढे होऊन इतरांना मदत करील. खालिद जावेद यांच्या ‘नेमतखाना’वर उर्दूची विद्यार्थिनी बोलेल आणि बाकीचे ऐकतील. ज्या मुलीला एरवी सगळे ‘उर्दूवाली’ म्हणून वेगळं धरतात, तिच्याकडे त्या तासाला सगळ्यांना हवं असलेलं ज्ञान असेल.

भाषांचं असं एकत्र येणं आमच्या भूमीला नवं नाही. १९५६ पर्यंत परभणी ज्या हैदराबाद राज्यात होती, त्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकत्र नांदत होत्या. उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी १९१८ साली उभं राहिलेलं उस्मानिया विद्यापीठ भाषांतराचा स्वतंत्र विभाग सोबत घेऊनच उभं राहिलं. त्या व्यवस्थेत मराठीवर अन्याय झाला, तो विसरायचं कारण नाही. पण भाषांतराशिवाय विद्यापीठ चालत नाही, ही गोष्ट तेव्हा ओळखली गेली होती. त्याच राज्यात निजामाची नोकरी करत बी. रघुनाथ यांनी मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला हा लेखक अवघ्या चाळिशीत गेला. त्यांच्या नावाचं सभागृह परभणीत आहे. त्यांच्या कादंबऱ्या इतर भाषांच्या वर्गांत मात्र कोणी वाचत नाही.

आक्षेप येतील. परीक्षा कोणत्या भाषेत? माझं म्हणणं, चारपैकी विद्यार्थी निवडील त्या भाषेत. पेपर तपासायला चारही विभागांत शिक्षक आहेत. पुस्तकं किती? तीन किंवा चार, पण पूर्ण. निवडक उतारे नकोत, कारण उताऱ्यांवर प्रश्नसंच तयार व्हायला वेळ लागत नाही. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येकाने एखाद्या कथेची दोन पानं दुसऱ्या भाषेत आणावीत. लोमट्यांची दोन पानं हिंदीत किंवा उर्दूत आणताना जे अडेल, त्यावरच पुढचा तास घेता येईल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात विद्याशाखांच्या सीमा ओलांडणाऱ्या विषयांना जागा ठेवलेली आहे, ती यासाठी वापरावी.

खरी अडचण प्रतींची आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात एका पुस्तकाची एकच प्रत असेल, तर पन्नास मुलांनी पूर्ण पुस्तक वाचावं असं म्हणणं खोटं ठरतं. म्हणून अभ्यासपत्रिका मंजूर करतानाच प्रत्येक महाविद्यालयाने नेमलेल्या पुस्तकांच्या किमान दहा प्रती घ्याव्यात, अशी अट घालावी. प्रती आल्याशिवाय विषय सुरू करण्याची परवानगी देऊ नये.

चारही मंडळांची संयुक्त बैठक बोलावून तारीख कळवावी. पुस्तकांची यादी, प्रश्नपत्रिकेचा नमुना आणि भाषांतराच्या कामाचे निकष यांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. तो घेऊन मी नांदेडला येईन. उर्दू आणि हिंदी शिकवणारे सहकारीही सोबत येतील.

आपली नम्र,
परभणी जिल्ह्यातील एक प्राध्यापिका