खुबा दुखतो, तपासायला हवे रक्त

सांधेरोपण म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या साठी-पासष्टीच्या, गुडघे झिजलेल्या आजी. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा नंदुरबारकडच्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागाच्या रांगेत एक वेगळा रुग्णही असतो. वय विशी-पंचविशीचे, अंगकाठी किरकोळ, डोळ्यांत किंचित पिवळी झाक आणि चाल लंगडी. दुखणे जांघेत सुरू होते, मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. वर्ष-दोन वर्षे कुणी त्याला वात म्हटलेले असते, कुणी कंबरेची नस दबल्याचे सांगितलेले असते. गुडघ्याचा एक्स-रे काढून तो ठीक असल्याचा निर्वाळाही मिळालेला असतो. खराब झालेला असतो तो खुबा. आणि खुबा खराब होण्याचे मूळ असते रक्तात.

हा आजार सिकलसेलचा. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले, की तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडताच एकमेकांना चिकटून ताठर होते. एरवी गोल आणि लवचीक असलेली पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणावर आहे. आदिवासी समाजात तो अधिक असला, तरी तेवढ्यापुरताच मर्यादित नाही.

खुब्यालाच त्याचा फटका का बसतो? मांडीच्या हाडाचा वरचा चेंडूसारखा माथा कमरेच्या वाटीत फिरतो. उभे राहताना, चालताना शरीराचा भार तो पेलतो. मात्र त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या तुंबल्या तर दुसऱ्या वाटेने पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि हाडाचा तो भाग मरतो. वैद्यकीय भाषेत याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस किंवा एव्हीएन म्हणतात. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही महिने, कधी काही वर्षे ते तग धरते. मग एक दिवस कूर्चेखालचा आधार खचतो, गोल माथा चपटा होतो आणि सांधा कायमचा बिघडतो. अनेकांमध्ये दोन्ही खुबे या वाटेने जातात. दारू आणि स्टेरॉइडच्या अतिवापरानेही एव्हीएन होतो. कोविडनंतर शहरांत त्याची चर्चा झाली ती स्टेरॉइडमुळे. सिकलसेलमुळे होणाऱ्या एव्हीएनची चर्चा मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेर फारशी गेली नाही.

यात एक फसवी गोष्ट आहे. भारतातील अनेक सिकलसेल रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही बरेच टिकून राहते. त्यामुळे त्यांचा रक्तक्षय त्यामानाने कमी असतो. अहवालात हिमोग्लोबिन नऊ-दहा दिसले की आजार सौम्य असल्याची समजूत होते. पण खुबा हा हिशेब मानत नाही. हिमोग्लोबिन त्यातल्या त्यात जास्त असलेल्या रुग्णांचे रक्त दाट असते आणि त्यांच्यात खुब्याचा धोका कमी तर नसतोच, उलट वाढलेला आढळतो. ज्याला कधी रक्त चढवावे लागले नाही, ज्याची कधी चाचणीही झाली नाही, असा तरुण पहिल्यांदा डॉक्टरांपुढे येतो तो लंगडतच.

निदान लवकर झाले तर काही करता येते. सुरुवातीच्या टप्प्यात साधा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. बदल दिसतो तो एमआरआयमध्ये. माथा खचण्याआधी पायावरचा भार कमी करणे, काठी वापरणे, व्यायामाने स्नायू बळकट ठेवणे याने दुखणे आटोक्यात राहू शकते. हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. सिकलसेलमध्ये तिचा नेमका किती फायदा होतो, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, पण मेलेले हाड त्याने जिवंत होत नाही. माथा एकदा चपटा झाला आणि चालणेच थांबले, की सांधेरोपणाचा मार्ग उरतो.

हे रोपण आजीबाईंच्या रोपणासारखे नसते. मांडीच्या हाडाची पोकळी काही ठिकाणी जुन्या जखमांमुळे दगडासारखी कडक आणि अरुंद झालेली असते, तर काही ठिकाणी मज्जा फुगल्याने हाडाची भिंत पातळ झालेली असते. आत मार्ग करताना हाडाला भोक पडू शकते किंवा ते तडकू शकते. मेलेल्या हाडात जंतूंचा लपलेला संसर्गही असू शकतो. आणि खरी परीक्षा असते ती सांध्याच्या बाहेर. शरीर गार पडले, पाणी कमी पडले किंवा प्राणवायू घटला, तर पेशी पुन्हा विळ्याच्या होतात आणि फुप्फुसांत अडकून जिवावर बेतू शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणले जाते. ते आधीच जास्त असेल तर नुसते रक्त चढवणे घातक ठरते, कारण रक्त आणखी दाट होते. तेव्हा रुग्णाचे थोडे रक्त काढून नवे द्यावे लागते. वारंवार रक्त घेतलेल्यांना जुळणारी पिशवी शोधायला रक्तपेढीला वेळ लागतो. गार शस्त्रक्रियागृहात रुग्णाला उबदार ठेवणे, सलाइन आणि प्राणवायू सुरू ठेवणे यांत महागडे काहीच नाही. फक्त रुग्ण सिकलसेलचा आहे हे आधी माहीत असायला हवे.

इथेच मोठी चूक होते. तिशीच्या आतल्या रुग्णाचा एमआरआय होतो, रोपणाच्या खर्चाचा हिशेब होतो, पण सिकलसेलची चाचणी राहून जाते. सोल्युबिलिटीची प्राथमिक चाचणी काही मिनिटांची आणि अगदी स्वस्त आहे. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने आजारी कोण आणि केवळ वाहक कोण हे निश्चित करता येते. हा फरक महत्त्वाचा आहे. वाहकाला सहसा हा त्रास होत नाही, त्यामुळे त्याच्या खुब्याच्या दुखण्याचे दुसरे कारण शोधावे लागते.

कृत्रिम सांध्याला आयुष्य असते, हेही विसरून चालणार नाही. दीर्घकालीन नोंदींच्या एकत्रित अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के रोपण २५ वर्षे टिकतात. पासष्टीच्या रुग्णाला ते पुरते. पंचविशीच्या रुग्णाला मात्र आयुष्यात पुन्हा एकदा, कदाचित दोनदा, शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागू शकते. त्यातून त्याचे जगणे म्हणजे चिखलात वाकून धानाची रोवणी, मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणे, उकिडवे बसणे. नव्या सांध्याला यातले बरेचसे मानवत नाही. रोपणानंतर काम कोणते करायचे आणि पोट कसे भरायचे, याचे उत्तर शस्त्रक्रियेआधीच शोधावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचा आधार या तरुणांना मिळवून देणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, हे तिचे लक्ष्य आहे. मोठ्या प्रमाणावर तपासणी होते आहे, ही चांगलीच गोष्ट. पण कार्ड हातात देऊन काम संपत नाही. सिकलसेलचा रुग्ण गोळ्या न्यायला येतो, तेव्हा जांघेत दुखते का एवढे विचारायला आणि त्याला उताणे झोपवून पाय आतल्या बाजूला फिरवून पाहायला मिनिटभरही लागत नाही. फिरवताना दुखले किंवा पाय अडला, तर त्याला त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. उलट दिशेने, या पट्ट्यातील खुबा दुखणाऱ्या प्रत्येक तरुणाची सिकलसेल चाचणी व्हावी. शस्त्रक्रिया ठरली तर अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी यांनी आधी एकत्र बसावे.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आहे त्या यंत्रणेतील दोन खिडक्यांनी एकमेकींशी बोलायला हवे. एका खिडकीवर रक्त तपासले जाते, दुसऱ्या खिडकीवर हाड. दोन्हीकडे रांगेत उभा असलेला तरुण एकच असतो, आणि दोन्हीकडच्या नोंदी वेळेत जुळल्या तर त्याचा खुबा खचण्याआधी हाती लागू शकतो.