ट्यूब

आपल्यातलाच एकजण परवा मीटिंगीत बोलला, नदीवर रबरात बसून वाहणं हे भांडवलदारांचे चोचले आहेत. मला पटलं नाही. तिथं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

माझं गाव नगर जिल्ह्यात, कागदावर आता अहिल्यानगर. प्रवरेच्या काठी. लहानपणी ट्रकची ठिगळ लावलेली ट्यूब फुगवून आम्ही डोहात पडायचो. वॉल बरगडीत घुसायचा. भंडारदऱ्याच्या धरणावर असल्याच ट्यूबवर बसून जाळं टाकणारी माणसं मी पाहिलीत. त्याला कुणी ट्यूबिंग म्हणत नव्हतं. पोट म्हणत होते.

मागल्या हिवाळ्यात गोदीतल्या दोघांसंगं कोलाडला गेलो. कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. राफ्ट म्हणजे मोठी ट्यूबच की! पाणी सकाळी येतं, कारण भिऱ्याच्या वीजघरातून ते तेव्हा सुटतं. आणि ते पाणी मुळशीचं. तिथल्या धरणाविरुद्ध 1921 ला मावळचे शेतकरी सत्याग्रहाला बसले, पुढं सेनापती बापट होते. 1924 पर्यंत लढले. धरण झालंच. जमीनवाल्यांचा इतिहास निदान छापला गेला. महारवाडेही बुडालेच असणार, त्यांचा सातबारा कुठं होता?

कोलाडचा हमरस्ता पुढं महाडला जातो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. कोर्टबाजी 1937 पर्यंत चालली, हायकोर्टात आपण जिंकलो. आणि भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं ते 1926 ला. म्हणजे सरकार नगरच्या बागायतीसाठी अख्खी नदी अडवू शकत होतं, तेव्हा आमच्या माणसाला एक ओंजळ अडवली जात होती.

म्हणून मी म्हणतो, पाण्यावर उताणं पडून आभाळ बघणं हाही हक्क आहे. तो हौसेच्या नावाखाली सोडून का द्यायचा? चोचले खरे दुसरीकडेच आहेत. माझा चुलतभाऊ एका कॅम्पवर मदतनीस आहे. पाहुण्याला जॅकेट, हेल्मेट. उलटलेल्या पाहुण्याला ओढून काढणाऱ्या माझ्या भावाला लंगोट. अपघात झाला तर त्याचं नाव रजिस्टरात नाही. लाओसमधल्या वांग व्हिएंगला ट्यूबवरचे परदेशी पोरं मेले तेव्हा सरकारनं 2012 ला नदीकाठचे बार बंद केले. आपल्याकडं मेलेल्या मजुरासाठी चहाची टपरीही बंद होत नाही.

मागणी करायची तर ही करा : नदीवर राबणाऱ्याला जॅकेट, विमा, हजेरी. आणि धरणावर जाळं टाकणाऱ्याला हुसकावणं बंद.

पाऊस ओसरला की आम्ही चौघं प्रवरेवर जाणार. ट्यूबा पंक्चरवाल्याकडनं घेतल्यात. जॅकेटं अजून दोनच जमलीत.