पाटीवर मांसाचं नाव हवं, मालकाचं नको

घोड्याचं मांस विकायचं असेल तर दुकानावर तशी पाटी लावा, असा कायदा ब्रिटनने १८८९ मध्ये केला. अक्षरं किमान ४ इंचांची हवीत, हेही त्यात होतं. घोडा खायला बंदी नव्हती. दुसरं मांस मागणाऱ्याच्या हातात घोड्याचं देणं हा गुन्हा होता.

असा कायदा का लागतो, ते जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा दिसलं. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २७ बीफ बर्गर तपासले. १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए सापडला. पाकिटावर मात्र बीफ!

आपल्यासाठी हा प्रश्न ईमानाचाही आहे. घोड्याबाबत आपल्यातच एकमत नाही. शाफई मसलकात तो हलाल, तर इमाम अबू हनीफांच्या मते मकरूह. म्हणजे कोकणातल्या शाफई घराचं आणि मराठवाड्यातल्या हनफी घराचं उत्तर वेगळं असू शकतं. पण उत्तर शोधायला आधी ताटात काय आहे ते कळायला हवं.

भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मांसासाठी मान्य प्राण्यांची यादी आहे. त्यात शेळी, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस वर्ग, कोंबड्या, मासे आहेत, घोडा नाही. त्याच वर्षीच्या परवाना नियमांनुसार मटणाच्या दुकानावर कोणतं मांस विकलं जातं याची ठळक पाटी बंधनकारक आहे.

आमच्या बेंबळीत पाटी वाचून मटण घेणारा मी पाहिला नाही. दुकानदार ओळखीचा, एवढं पुरतं. पण पुण्यात अ‍ॅपवरून मागवणाऱ्या आपल्या पिढीला ओळखीचा आधार नाही. तिथे पाटी, लेबल आणि १४ अंकी परवाना क्रमांक हेच आपले साक्षीदार.

आता दुसरी पाटी बघा. जुलै २०२४ मध्ये मुझफ्फरनगर पोलिसांनी कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळवाल्यांना मालकाचं नाव लावायला सांगितलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: अन्न कोणत्या प्रकारचं ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नको. आपल्या राज्यात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार’ प्रमाणपत्र पुढे आणलं, हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणासाठी. हलाल किंवा झटका ही कापण्याची पद्धत आहे. ती ग्राहकाने जरूर विचारावी. विकणाऱ्याचा धर्म ही मांसाची माहिती नव्हे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तो रकाना या फॉर्मवर नाहीच. तक्रारीसाठी मालकाचं नाव परवान्यावर असतंच. ते गाड्यावर मोठ्या अक्षरांत मागण्याचा हेतू निराळा असतो.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्या पाटीला विरोध करताना पहिलीची मागणी सोडू नका. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे. म्हैस त्यात नाही. ‘मोठ्याचं’ एवढ्या मोघम शब्दावर चालणारं दुकान संशयाला जागा देतं. ‘म्हशीचं मांस’ अशी स्पष्ट पाटी, परवाना आणि खरेदीची पावती ठेवा, असं आपल्या कुरेशी बांधवांना सांगायला हवं. पाटी बघून जमाव थांबेल, असा माझा भ्रम नाही. पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात शेवटी कागदच बोलतो.