खिडकीतल्या डोंगराचा सातबारा

"राजकारणाचं सोडा हो, ते सगळीकडे सारखंच." बिऱ्हाड हलवायची चर्चा निघाली की कोणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. मग बोलणं रीतसर दोन रुळांवर येतं: नोकरीचं काय, आणि हवापाणी कसं. पुण्याला कंटाळलेला नाशिकचं नाव काढतो, मुंबईला विटलेला सिंधुदुर्गाचं. कोणाला बंगळूरहून बोलावणं असतं, कोणी निवृत्तीनंतर कोल्हापूरला परतायचं म्हणतो. पगाराचा हिशेब होतो, पावसा-थंडीचा होतो, मुलांच्या शाळेचा होतो. तिथली महापालिका कोण चालवतं, पाणी कोणाच्या मर्जीने येतं, समोरच्या टेकडीवर आरक्षण कसलं पडलंय, असं विचारणारा मात्र त्या बैठकीत रिकामटेकडा ठरतो.

मी त्या रिकामटेकड्याच्या बाजूचा आहे. काम आणि निसर्ग यांचा विचार करणारे ज्या गोष्टी पक्क्या धरून चालतात, त्या कुठल्या तरी सभागृहात किंवा मंत्रालयातल्या कुठल्या तरी टेबलावर ठरलेल्या असतात, आणि मोडतातही तिथेच. तेव्हा शहर निवडताना आधी तिथलं राजकारण बघावं, मग पगार, आणि देखावा सगळ्यात शेवटी.

देखाव्याची बाजू मांडणारे लोक काही भाबडे नसतात. नोकऱ्या चार वर्षांनी बदलतात, सरकारं पाच वर्षांनी, पण डोंगर तिथेच असतो, असं ते म्हणतात. सकाळी उठल्यावर डोळ्याला हिरवं दिसलं की दिवस सुधारतो, हेही खरंच आहे. ते मी नाकारत नाही. फक्त डोंगर तिथेच असतो, हे पुण्यात राहून म्हणायला धाडस लागतं.

पुण्याच्या हद्दीत 1997 मध्ये 23 गावं आली, आणि त्यांच्या टेकड्यांचं काय करायचं यावर शहराची जवळपास दोन दशकं गेली. जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं की थोड्याफार बांधकामाला मोकळीक द्यायची, मालकांना मोबदला किती, टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किती टक्के. शेवटी 2015 मध्ये राज्य सरकारने आरक्षण मान्य केलं आणि 8 टक्के टीडीआर ठरवला. एवढा कमी टीडीआर घेऊन जमीन कोण सोडणार, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या, कधीही मोर्चात न गेलेल्या माणसांना 2023 मध्ये रस्त्यावर उतरावं लागलं, कारण बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीच्या अंगावरून जाणार होता. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलात 2019 च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांवर झाडं कापली गेली. मग सरकार बदललं आणि कारशेड कांजुरमार्गला गेली, पुन्हा सरकार बदललं आणि ती आरेला परत आली. त्या तीन वर्षांत आरेसमोर घर घेतलेल्या माणसाने देखाव्याची किंमत नक्की कशी लावावी?

टेकडी फोडणाऱ्याला कोणी अडवलं नाही म्हणजे काय होतं, तेही पुणेकरांनी पाहिलंय. 2013 च्या जूनमध्ये कात्रजच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर बेकायदा कापल्यामुळे पावसाचा लोंढा रस्त्यावर आला आणि त्यात एक आई आणि तिची लेक वाहून गेल्या. डोंगर आपोआप सरकला नव्हता. पोकलेन लागलं होतं, आणि ते चालू असताना बघणारी सगळी खाती शाबूत होती.

नदीकाठच्या घरांचं तर विचारूच नका. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द घर घेताना किती जणांनी ऐकलेले असतात? निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी. रेषा कागदावर असते, ती जलसंपदा विभाग आखतो, आणि ती नदीकडे थोडी सरकवून मिळाली तर कोणाचं भलं होतं हे सांगायला नको. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. पाणी किती सोडणार हे आधी नीट कळवलं होतं की नाही, यावरून पुढे जलसंपदा आणि महापालिका यांच्यात जुंपली. नदीचं दृश्य तेच, घरही तेच. माणसं सामान वाचवतील की नाही, हे दोन कार्यालयांमधल्या निरोपावर लटकलेलं होतं.

ओळखीतलं एक जोडपं गेल्या पावसाळ्यात नाशिकला फ्लॅट बघायला गेलं होतं. सातव्या मजल्यावरची बाल्कनी, खाली गंगापूर धरणाचं पाणी, मागे ढगात गेलेले डोंगर. विक्रीवाल्या पोराने "लेक व्ह्यू" म्हणताना पडदा असा काही सरकवला, की ते पाणी जणू त्यानेच भरलं होतं. सोसायटीचं प्यायचं पाणी कुठून येणार, असं बाईंनी विचारलं. महापालिकेची लाइन मंजूर आहे, तोवर टँकर, असं उत्तर आलं. धरण खिडकीत आणि टँकर दारात! नाशिकला बस्तान बसवायचं तर हा विनोद समजून घ्यावा लागतो.

गोदावरीचं पाणी नाशिकच्या एकट्याच्या मालकीचं नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा खोऱ्यातल्या सगळ्यांना पाण्याचं समन्यायी वाटप सांगतो. जायकवाडी पावसाळ्याअखेर ठरावीक पातळीपर्यंत भरलं नाही तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं सूत्र आहे. 2023 च्या नोव्हेंबरात नाशिक-नगरच्या धरणांतून असं पाणी गेलं तेव्हा वरचे आमदार एका बाजूला, मराठवाड्यातले दुसऱ्या बाजूला, आणि मामला कोर्टात. मराठवाड्याचा हक्क मला मान्य आहे. नाशिकला जाणाऱ्यानेही तो मान्य करूनच जावं. ऑगस्टात बाल्कनीतून दिसलेल्या पाण्याचं मार्चमध्ये काय होणार, ते पावसाइतकंच या भांडणावर ठरतं, एवढंच मला म्हणायचंय. आणि झाडांचं म्हणाल तर कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं काढायचा प्रस्ताव आला, तेव्हा 2025 च्या अखेरीस नाशिककरांनी आंदोलन उभं केलं. त्या आंदोलनाला किती लोक आले, ही बातमी माझ्या मते त्या शहराच्या हवामानाच्या तक्त्यापेक्षा जास्त कामाची आहे.

आता कामवाले. यांचा मुद्दा रोखठोक असतो: पोट भरलं तर टेकडी, नाहीतर कसली टेकडी आणि कसली महापालिका. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतो तेव्हा तो कारखाना बघतो, सूर्यास्त बघत नाही. बरोबर. ज्याला निवड नाही त्याला हा लेख शहाणपण शिकवायला जाणार नाही. (त्याच्या शिवारात पाणी का नाही हाही राजकारणाचाच प्रश्न आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) मी बोलतोय ते ज्याच्या हातात दोन पत्रं आहेत आणि ज्याला कुठलं स्वीकारू असा प्रश्न पडलाय, त्याच्याशी.

त्याला मी हिंजवडी दाखवीन. राज्यातलं सगळ्यात नावाजलेलं आयटी पार्क, लाखोंनी लोक कामाला. पण गाव ग्रामपंचायतीचं. पार्कातले रस्ते एमआयडीसीकडे, आजूबाजूच्या बांधकामांची परवानगी पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीच्या अलीकडे उभी राहून बघणार. महापालिकेत घ्या ही मागणी जुनी आहे. 2025 च्या पावसाळ्यात पार्कातले रस्ते ओढ्यासारखे वाहिले तेव्हा नाले कोणी बुजवले आणि आता कोणी उघडायचे, यावर एकेक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. तिथला अभियंता संध्याकाळी भूमकर चौकात अडकून पडतो, आणि मोबाइलवर मित्राला लिहितो की मला राजकारणात रस नाही. अरे बाबा, तुझ्या पॅकेजातून रोज दोन-दोन तास कापून घेणारी गोष्ट तीच आहे! पगाराच्या पत्रावर ती वजावट छापत नाहीत, म्हणून ती दिसत नाही.

बंगळूरचं पत्र आलेल्यालाही हेच सांगेन. तिथल्या महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली आणि निवडणूक न घेताच वर्षांमागून वर्षं गेली. 2025 मध्ये तर एका महापालिकेच्या पाच झाल्या. 2024 च्या जुलैत खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलं, उद्योगांनी ओरड केली आणि ते बाजूला ठेवलं गेलं. बाजूला ठेवलं, फाडलं नाही. यावरून कर्नाटकाला नावं ठेवायचा अधिकार निदान आपल्याला नाही, 1966 पासून मुंबईत आपण दुसरं काय मागत होतो? पण तिकडे घर विकत घेणाऱ्याने ही गोष्ट पगाराच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावी.

राजकारणाने काम जातं तसं येतंही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी पिढीभर आंदोलन केलं. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. उच्च न्यायालयात वकिली करायची तर मुंबईत खोली घ्यायला हवी, हे जे तिथल्या तरुण वकिलाला कालपर्यंत सांगितलं जायचं, ते आता सांगावं लागत नाही. तिथली कामं वाढली, टायपिस्टपासून लॉजवाल्यापर्यंत. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा.

एक तिसरी जात असते, तिच्याबद्दल दोनच ओळी. ही माणसं राजकारण बघतात, पण दिल्लीचं. "तिथे आपल्या विचारांची माणसं आहेत" म्हणून शहर निवडतात. कचऱ्याच्या गाडीला विचारधारा नसते, ती येते किंवा येत नाही.

आणि "सगळीकडे सारखंच"? मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. कोल्हापुरात तर 2020 पासून नगरसेवक नव्हते. या सगळ्या काळात प्रशासकाचं राज्य होतं, इथपर्यंत सारखं. पण त्याच्या आधी कोल्हापुरात काय झालं ते बघा. रस्ते खासगी कंपनीने बांधले आणि शहरात शिरायला टोल लागला, तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं पुढे झाली, तालमी आणि पेठा मागे उभ्या राहिल्या, आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर सरकारला टोल गुंडाळावा लागला. दुसऱ्या बाजूला त्याच कोल्हापूरची हद्द 1972 पासून एक इंच वाढलेली नाही, कारण शेजारच्या गावांचा हद्दवाढीला कडवा विरोध आहे. शहराला पैसा कमी पडतो, पंचगंगेच्या प्रदूषणाचं दुखणं चालूच राहतं. म्हणजे अन्याय झाला तर भांडायला माणसं मिळतील, पण गटाराला निधी मिळेल याची खात्री नाही, असं हे शहर आहे. पुण्यात गणित जवळजवळ उलटं: पैसा आहे, भांडणाऱ्यांच्या सोसायट्या मात्र कुंपणाआड वेगवेगळ्या. या दोन ठिकाणचं राजकारण सारखं आहे असं ज्याला वाटतं, त्याला आंबेमोहर आणि इंद्रायणीही सारखेच लागत असणार.

मला विचाराल तर मी भांडणारं शहर घेईन. गटाराचा निधी भांडून आणता येतो, भांडायची सवय मात्र निधीतून विकत मिळत नाही.

नव्या गावी फ्लॅट बघायला जाल तेव्हा एक सकाळ नगररचना कार्यालयात घालवा. विकास आराखड्याचा नकाशा बघायला मिळतो; समोरची हिरवी पट्टी आरक्षण आहे की नुसती अजून न विकलेली जमीन, ते तिथेच कळतं. वॉचमनला एप्रिलमधला टँकरचा दर विचारा, तो बिल्डरपेक्षा खरं बोलतो. महापालिका पाणी देईपर्यंत आम्ही देऊ, असं हमीपत्र बिल्डरने परवानगी घेताना लिहून दिलेलं असतं. त्याची प्रत सोसायटीकडे आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी ती नसते, आणि टँकरचं बिल सभासद भरतात. तिथल्या दैनिकाचं शहर पान महिनाभर वाचा. आणि पावसाळ्यात गेला असाल तर मे महिन्यात पुन्हा जा.

या सगळ्यावर शेवटचा आक्षेप ठरलेला असतो: बघून करणार काय, आपण तर बाहेरचे, आपलं ऐकतं कोण? ऐकत नाहीत, हे खरं आहे, आणि त्याचं कारणही साधं आहे. वाकड किंवा वाघोलीत दहा वर्षं राहिलेल्या कितीतरी घरांची नावं अजून लातूर, धुळे किंवा साताऱ्याच्या मतदार यादीत आहेत. गावाकडचं नाव काढू नये, जत्रेला आणि मतदानाला जाणं होतं, अशी भावना असते. भावना चांगली आहे, पण टँकर वाकडला येतो, आणि यादीत नसलेल्या माणसाच्या टँकरसाठी नगरसेवक का धावेल? नाव हलवायला फॉर्म 8 भरावा लागतो, घरबसल्या भरता येतो. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. ज्यांना डिसेंबरात प्रचाराचे भोंगे ऐकून आपण पुण्यात राहतो याची आठवण झाली, त्यांना पुढच्या वेळेपर्यंत थांबायला लागणार आहे.